हॉलिस क्रीकचा एकुलता एक गुंड

त्या हिवाळ्यात हॉलिस क्रीकमधल्या प्रत्येक पुरुषाला डॉक्टर किंग व्हायचं होतं. आमच्या चर्चचे रेव्हरंड क्रेनशॉ माँटगोमेरीला जाऊन काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या या पुढाऱ्याचं एक भाषण ऐकून आले, ते घसाच बदलून आले. एरवी भराभरा बोलणारा माणूस, पण आता जेवताना मीठ मागायचं तरी शब्द लांबवायचा, मध्येच थांबायचा, आणि बायको ‘आमेन’ म्हणेपर्यंत पुढे सरकायचा नाही. किराणावाला तसाच, न्हावी तसाच, रविवारच्या शाळेचा मास्तरही तसाच. खुद्द डॉक्टर किंग आमच्या गावाकडे कधी फिरकले नाहीत. त्यांना गरजही नव्हती, आम्ही घरटी एक तयार केला होता.

टंचाई होती ती गुंडांची.

त्याचं असं झालं. मेन स्ट्रीटवरच्या मोठ्या दुकानात काळ्या माणसाने बटणं घ्यावीत, कापड घ्यावं, पण तिथल्या जेवणाच्या काउंटरवर बसून कॉफी मागायची सोय नव्हती. रेव्हरंडनी ठरवलं की शनिवारी आपली माणसं जाऊन तिथे बसणार. बसायचं, कॉफी मागायची, आणि कोणी काहीही केलं तरी हात उचलायचा नाही. आता हे तालमीशिवाय कसं जमावं? म्हणून चर्चच्या तळघरात सुताराच्या दोन घोड्यांवर फळी टाकून खोटं काउंटर उभं केलं. बसणारे ओळीने बसायचे. त्यांच्यामागे उभं राहून कोणीतरी गोरा गुंड व्हायचं, केस ओढायचे, तोंडावर धूर सोडायचा, डोक्यावर पाणी ओतायचं आणि तोंडाला येईल ते बोलायचं. तालमीत ज्याचा हात उठला, त्याने शनिवारी घरी बसायचं.

गुंड व्हायला कोणी पुढे येईना. शेवटी रेव्हरंडनी हॅटमध्ये चिठ्ठ्या टाकल्या आणि नाव निघालं लूशियस टार्पलीचं. तळघरात हशा पिकला. लूशियस अंत्यविधीवाल्यांची शववाहिका चालवायचा. मेलेल्या माणसालाही ‘सर’ म्हणणारा प्राणी. त्याचा आवाज इतका मऊ, की नवरा गेल्याच्या दुःखात बुडालेल्या बायकासुद्धा हुंदका थांबवून ‘काय म्हणालास?’ असं विचारायच्या.

पहिल्या संध्याकाळी तो एका धिप्पाड गृहस्थाच्या मागे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “माफ करा सर, तुम्ही इथून जरा उठाल का?”

“ब्रदर लूशियस,” रेव्हरंड म्हणाले, “गुंड माफी मागत नाही.”

लूशियसने डोळे मिटले. मग त्याच्या तोंडून जे बाहेर पडायला लागलं, ते ऐकून पुढच्या बाकावरच्या बायकांनी कानावर हात ठेवले. आवाज वेगळा, चाल वेगळी, अंगठे पट्ट्यात खोचलेले. तो धिप्पाड गृहस्थ पाच मिनिटांत खुर्ची लाथाडून उठला आणि यादीतून बाद झाला. चर्चच्या सगळ्यांत म्हाताऱ्या मदर हॅटी, ज्यांच्यासमोर कोणी जांभई द्यायचीही हिंमत करत नसे, त्यांनी विचारलं, “अरे लेका, हे सगळं शिकलास तरी कुठे?”

“शिकायला कुठे जावं लागलं नाही, मदर,” लूशियस पुन्हा आपल्या मऊ आवाजात म्हणाला. “घरपोच मिळत आलंय. लहानपणापासून.”

रेव्हरंड ‘आमेन’ म्हणाले, आणि त्या वेळी मात्र ते आपल्या जुन्या आवाजात म्हणाले.

त्यानंतर लूशियसचा फार नावलौकिक झाला आणि त्याचे हाल सुरू झाले. हे नाटक आहे हे सगळ्यांना कळत होतं, पण ज्याने काल तुमच्या आईचा उद्धार केला त्याला आज मासे वाढताना हात आखडतोच. चर्चच्या जेवणात त्याच्या ताटात डोकं आणि शेपटी यायला लागली. बिचारा ‘थँक्यू’ म्हणून खायचा.

हेही त्याने गोड मानून घेतलं असतं. खरी पंचाईत होती व्हर्डेल ओट्सची.

व्हर्डेल शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. जीभ तिखट आणि हात त्याहून चपळ. मापात पाप करणाऱ्या पीठवाल्याला तिने एकदा डाव फेकून मारला होता आणि तो बरोब्बर बसला होता. लूशियसने तिला लग्नाचं विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, “शनिवार होऊ दे. शनिवारनंतर सांगते.” शनिवारी काउंटरवर बसायला तिला जायचंच होतं. आणि गुरुवारी तिची तालीम होती, गुंड अर्थातच लूशियस.

शेजारच्या गावात अशाच एका काउंटरवर एका मुलीचा जबडा मोडला होता. लूशियसच्या डोळ्यांसमोरून ते हलेना. व्हर्डेलचा हात उठवणारं एक वाक्य त्याला ठाऊक होतं. तिनेच ते कधीतरी विश्वासाने त्याला सांगितलं होतं. ते वाक्य बोललं की ती तालमीत नापास होणार, शनिवारी धडधाकट घरी राहणार आणि जन्मभर त्याचं तोंड बघणार नाही. नाही बोललं, तर ती जाणार. दिवसभर तो शववाहिका चालवत याचाच विचार करत होता. एका वळणावर तर तो भलत्याच दफनभूमीकडे वळला. मागच्या गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही एवढंच.

संध्याकाळी व्हर्डेल फळीसमोर ताठ बसली. लूशियसने केस ओढले, धूर सोडला, पाणी ओतलं. ती ढिम्म. मग तो तिच्या कानाशी वाकला.

“तुझा बाप कापसाच्या गिरणीच्या दारात टोपी काढून उभा राहायचा ना गं? पन्नाशीचा घोडा, आणि मालकाचं शेंबडं कार्टं त्याला ‘ए पोरा’ म्हणायचं. आणि तुझा बाप हसायचा. दात काढून हसायचा.”

व्हर्डेलचा उजवा हात फळीवर होता. त्याची मूठ झाली. फळी थरथरली, वरचा पेला लवंडला. मग ती मूठ सुटली, तिने पेला सरळ केला आणि म्हणाली, “एक कॉफी, प्लीज.”

पास झाली. उठून कोट घातला आणि लूशियसकडे न बघता निघून गेली.

शनिवारी ते सगळे जाऊन बसले. कॉफी मिळाली ती डोक्यावर. पोलिसांनी सगळ्यांना गाडीत कोंबून नेलं आणि सोमवारी सोडलं. एवढ्या माणसांना आणायला मोठी गाडी आमच्याकडे एकच होती, म्हणून लूशियस शववाहिका घेऊन तुरुंगाच्या दाराशी उभा राहिला. सगळे धडधाकट होते, जबड्यांसकट. त्याला तिथेच रडू आलं. त्याने हॅट काढून पुढचं दार उघडून धरलं. व्हर्डेल त्याच्यासमोरून गेली आणि मागे, पेटी ठेवतात तिथे, पाय लांब करून बसली.

चर्चच्या तळघरात बायकांनी गरम बिस्किटं आणि उसाची काकवी मांडली होती. फळी अजून तशीच होती. व्हर्डेलने काकवीची बरणी उचलली आणि म्हणाली, “लूशियस टार्पली, बस त्या खुर्चीवर.”

तो बसला. रेव्हरंडनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण मदर हॅटींनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

“मला घरी बसवायला बोललास ना ते?” व्हर्डेलने विचारलं.

“हो.”

“दुकानात एक लाल मानेचा गोरा होता. अर्धा तास बोलत होता. त्यात नवीन एक शब्द नव्हता, सगळं तुझंच उष्टं. शेवटी माझ्या बापावर आला, तर मला हसू फुटलं. म्हटलं, बाबा, हे मी माझ्या माणसाकडून ऐकून बसलेय, तू कोण टिकोजी?” ती थांबली. “पण ते तू बोलायला नको होतंस.”

“नको होतं,” तो म्हणाला.

“नियम माहीत आहे ना? हात उचलायचा नाही.”

तिने बरणी त्याच्या डोक्यावर उलटी केली. काकवी थंडीतली, घट्ट. सावकाश कपाळावरून उतरली, भुवयांवर थबकली, कानांत गेली. लूशियस हात मांडीवर ठेवून बसून राहिला. आता ती काय ऐकवते म्हणून अख्खं तळघर पुढे झुकलं. व्हर्डेल त्याच्या कानाशी वाकली, अगदी तो वाकला होता तशीच.

“हो,” ती म्हणाली. “जूनमध्ये. मे महिन्यात शाळेचं स्वयंपाकघर आवरायचं असतं.”

लूशियस टार्पलीला तिला मिठी मारायची होती. दोन्ही हात मांडीवरून वीतभर वर आलेसुद्धा. मग त्याला गुरुवारी फळीसमोर बसलेल्या व्हर्डेलची ती सुटलेली मूठ आठवली, आणि त्याने ते परत खाली ठेवले.

आता तो ऐंशीच्या पुढे आहे. दर जानेवारीत, डॉक्टर किंग यांच्या दिवशी, चर्चमधले म्हातारे एकेक करून उठतात आणि आपण त्यांना किती जवळून पाहिलं ते सांगतात. दर वर्षी अंतर थोडं कमी होतं. मग मुलं लूशियसकडे वळतात. “आजोबा, तुम्ही काय केलंत?”

“मी एकदा हात उचलला नाही,” तो सांगतो.

“आणि तेव्हापासून,” शेजारून व्हर्डेल म्हणते, “घरात एक ताटसुद्धा उचलत नाही.”