शेवग्याचं काही अडलं नाही

केजच्या कॉलेजात मी साहित्य शिकवते. माणूस पृथ्वीवरून नाहीसा झाला आणि निसर्गाने त्याची दखलही घेतली नाही, हा विषय दरवर्षी एकदा तरी येतो. अशा कथांच्या शेवटी बहुधा कुठेतरी फूल उमलतं. "निसर्गाला आपलं सोयरसुतक नसतं," एवढं फळ्यावर लिहून मी मोकळी होते. तोवर चहाची वेळ झालेली असते.

माझ्या आईला, मायला, हे अजिबात मान्य नव्हतं. ती युसूफ वडगावजवळच्या आमच्या गावात एकटी राहायची. मोतीबिंदू काढायला केजला चल आणि मग माझ्याकडेच राहा म्हटलं, की तिचं एकच पालुपद: "शेवग्याला पानी कोन घालील? वाळून जाईल त्यो."

"माय, झाडाला तुझी गरज न्हाई," हे सांगून सांगून मला वीट आला.

शेवटी वैशाखात निघाली. तिचं अर्धं आयुष्य ऊसतोडीत गेलेलं. कारखान्याला जाताना आमच्या बाया पडवीतल्या चुलीचं तोंड चिखलाने लिंपतात आणि पडवीला बाभळीची फांदी आडवी लावतात. म्हणजे आता सहा महिने इथं कुणी नाही. या खेपेला तिने दोन्ही केलं नाही.

"मी काय कारखान्याला चालले का? ही गेले अन् ही आले."

एका डोळ्याचं झालं, मग दुसऱ्याचं निघालं, मग पाऊस लागला. श्रावण सरताना तिला जीपने गावी नेलं.

अंगणात तरोट्याचं तण गुडघ्याला लागत होतं. मीटरच्या डब्यात चिमण्यांनी घर केलेलं. उघड्या राहिलेल्या चुलीत, राखेवर, मांजर व्यालेली. ती आमच्यावरच फिस्कारली. आणि शेवगा शेंगांनी वाकलेला.

माय बघत राहिली. "मी व्हते तवा येवढ्या कवा लागल्या न्हाईत," ती म्हणाली. मग हळू आवाजात, "म्हंजी मी मेले तरी हे आसंच."

हेच तर मी वर्गात सांगते, खडूचे हात झटकत. त्या दिवशी मात्र मला शेवग्याचा संताप आला. मेल्याची एखादी फांदी तरी वाळायची! वाद मी जिंकले होते आणि मला रडू फुटत होतं. पावसामुळं झालं गं, असं काहीबाही बोलले.

"उगं बस," ती म्हणाली. "शेवग्याला माझी गरज न्हाई. मांजरीला न्हाई. तुला हाय का?"

दवाखाना जवळ आहे, नळाला पाणी येतं, जिना चढावा लागत नाही, असं सगळं मी तिला पटवत आले होते. हे एवढं सांगायचं राहिलं होतं.

"लई हाय, माय," मी म्हणाले.

"मंग तसं म्हनायचं की! कशापायी येवढी तोंडाची वाफ दवडली?"

तिने शेंगा तोडून शेजारी दिल्या. कुंपणाजवळ पडलेली बाभळीची फांदी ओढत आणली आणि पडवीला आडवी लावली. चूल तशीच राहू दिली. लावलेली फांदी पुन्हा जराशी वर सरकवली, खालून मांजर जाईल एवढी, आणि पदराला हात पुसत म्हणाली, "चल, जीप निघून जाईल."