अठरा हजारांची फौज

सन दोन हजार सतरा, दिवाळी नुकतीच आटोपलेली, कापूस वेचणीचे दिवस. माझ्या हातून जे झालं ते मीच सांगतो. गाव सांगतं तेव्हा तिखटमीठ फार लावतं.

त्या साली गुलाबी अळीनं बोंडं पोखरली होती. एकरी उतारा किती, हे कोणी कोणाला विचारत नव्हतं. बढाई मारायला काहीच उरलं नाही, तर माझ्यासारख्यानं जगावं कसं?

अशात माझ्या पायात बाभळीचा काटा मोडला. पाय भोपळ्याएवढा सुजला, ताप चढला. सुनेच्या हट्टापायी बाभुळगावला रक्त तपासलं. तपासणारी पोरगी म्हणाली, "आजोबा, पांढऱ्या पेशी अठरा हजार! ही अंगातली फौज, रोगाशी लढते. आजच डॉक्टरकडे..."

पुढचं ऐकतो कोण? अठरा हजार! असा उतारा मला जन्मात कोणत्या पिकानं दिला नव्हता.

लंगडत तडक चहाटपरी गाठली. शेजारच्या गॅरेजचा सलीम तिथेच बसलेला. त्यानंही नुकतंच रक्त तपासलं होतं.

"सलीम, तुह्या पांढऱ्या पेशी किती निघाल्या बे?"

"सात हजार, काका."

"सात? एवढ्याशा फौजेवर तू जगून कसा राह्यला?"

"अन् तुमच्या?"

"अठरा!"

"मंग पाय काहून असा फुगला?"

"फौजेले राहाले जागा नको काय?"

टपरी खदखदून हसली. मी सगळ्यांना चहा पाजला. औषध? अठरा हजारांच्या धन्याला औषध कायले लागते!

दुसऱ्या दिवशी पाय जमिनीला टेकेना. सात हजारवाल्या सलीमनंच मला पाठीवर घेतलं आणि भर बाजारातून दवाखान्यात नेलं. वर माझी बढाईही डॉक्टरीणबाईंना सांगून टाकली.

बाई भडकल्या. "हे मिरवत होतात? धडधाकट माणसाला सात-आठ हजार पुरतात. फौज वाढते ती दुश्मन आत शिरल्यावर! आणि हा पू पाहा. लढून मेलेले तुमचेच शिपाई आहेत यात. आणखी थांबला असता तर पाय गेला असता."

म्हणजे आत माझे शिपाई धारातीर्थी पडत होते, आणि मी बाहेर त्यांच्या नावानं चहा वाटत होतो!

पाय वाचला. पुन्हा रक्त तपासलं. किती? सात हजार. सलीमपेक्षा एक शिपाई जास्त नाही.

उपकार अंगावर ठेवणारा मी नव्हे. बाजाराच्या दिवशी गॅरेजसमोर जाऊन वाकलो.

"चढ."

"काका, लोकं पाहून राह्यले!"

"पाहू दे. चढ."

पाठीवर घेऊन त्याला दवाखान्याच्या दारापर्यंत नेलं, उतरवलं. फिटलं.