नूर महंमदचा मेणाचा दोरा

धरणगावच्या नूर महंमदने समुद्र कधी पाहिला नव्हता, आणि पाहायची हौसही नव्हती. चाळीस वर्षं त्याने कापसाच्या ट्रकांच्या ताडपत्र्या शिवल्या. त्याचा टाका उसवला असं पंचक्रोशीत कोणी म्हणालं नाही. म्हणालं असतं तर हा गडी त्याच्या उरावर बसला असता. म्हणून तर असोद्याच्या हितेंद्रने त्याला गाठलं. हितेंद्र नौदलातून निवृत्त झालेला. होडी रत्नागिरीला आणि मालक केळीच्या बागेत, म्हणून गाव त्याला हसायचं. शिडाच्या त्या होडीतून तो एकटाच लक्षद्वीपला निघाला होता. त्याने जादाचं शीड शिवायला दिलं आणि दोन पट्टे. लाटेने माणूस फेकला गेला तर त्याला होडीशी धरून ठेवायचं काम या पट्ट्यांचं. एक वापरायला, एक जादाचा.

सोबत पॉलिस्टरच्या दोऱ्याचं रीळही दिलं होतं. शीड नूर महंमदने त्याच दोऱ्याने शिवलं, पण त्याच्या मनाला तो दोरा गुळगुळीत, बेइमान वाटला. पट्ट्यांवर जीव टांगायचा, तिथे असला दोरा नको. त्याने आपला मेण लावलेला सुती दोरा ओढला. पावसात सुती दोरा फुगतो, सुईचं भोक बुजतं, हे ताडपत्रीवाल्यांचं बाळकडू. हितेंद्रला विचारायचं मात्र त्याला सुचलं नाही. शहाणपणाचा मक्ता घेतला की असंच होतं.

माल पोचून चार दिवस झाले. गुरुवारी सकाळी त्याची बायको जीनत लोणच्याच्या बरणीचं फडकं सोडत होती, तर वरची सुतळी तिच्या बोटांत भुगा होऊन आली. मिठाने खाल्ली, असं म्हणून ती दुसरी शोधायला गेली. नूर महंमद तो भुगा चिमटीत धरून उभाच राहिला.

मग दुकानात गेला, सुई ओवली, काढून टाकली, पुन्हा ओवली. शेवटी हितेंद्रला फोन लावला, पण तोंडून निघालं एवढंच, "कधी निघताय?"

"आज चारला गाडी भरून निघतो, चाचा."

सांगावं तर चाळीस वर्षांचं नाव मातीत जाणार. न सांगावं तर काय होईल, ते त्याला मनात आणवेना. हितेंद्रचं रीळ, सुया आणि पातं घेऊन तो जळगावच्या बसमध्ये चढला, उतरला, पुन्हा चढला. कंडक्टर खेकसला तेव्हा कुठे बसला. पाळधी येईपर्यंत त्याने तीनदा घड्याळ पाहिलं.

असोद्याला अंगणभर सामान मांडलं होतं. लाईफ जॅकेटं, औषधांची पेटी, पंपाचे सुटे भाग, दोरखंडांची भेंडोळी. त्यातच पायरीवर हितेंद्रची आई मंजुळाबाई बसली होती. लेकाच्या या खुळापायी तिने आठ दिवस अबोला धरला होता.

"बरं झालं आलात, चाचा," हितेंद्र म्हणाला. "दोन्ही पट्टे लिंबाला बांधून खताच्या गोण्या तासभर टांगल्या. टाका हलला नाही. मानलं तुम्हाला."

खोटं बोलायचीसुद्धा गरज उरली नव्हती. हसायचं, चहा घ्यायचा, परत फिरायचं. सांगायला लाज वाटते, पण नूर महंमद क्षणभर खरंच हसला.

मग त्याने पट्टा उचलला आणि पात्याने स्वतःचा टाका कापला. दुसऱ्याचाही कापला.

"आज तुटणार नाही," तो म्हणाला. "महिनाभर खाऱ्या पाण्यात राहिला की तुटेल. पट्ट्यांना तुमचा दोरा मी वापरलाच नव्हता. माझी चूक आहे."

हितेंद्रने कापलेले दोरे हातात घेऊन पाहिले. रागावला असावा, पण त्याने गाडीवाल्याला उद्या यायला सांगितलं.

नूर महंमद पायरीवर शिवायला बसला. पट्टा ताणून धरायला कोणी तरी लागतं. मंजुळाबाई सरकून समोर आली आणि तिने दुसरं टोक दोन्ही हातांनी धरलं. शेवटची गाठ बसेपर्यंत तिने ते सोडलं नाही.

"आता तं नाई ना तुटनार, भाऊ?" तिने विचारलं.

आजवर या प्रश्नाला त्याचं एकच उत्तर असे, 'बिनघोर राहा.' तेच जिभेवर आलं होतं.

"माझा टाका नाही तुटणार, अक्का," तो म्हणाला. "समुद्राचं मी कसं सांगू?"

मंजुळाबाईने मान हलवली आणि आठ दिवसांत पहिल्यांदा लेकाला हाक मारली.