भिशीतला पहिला नंबर

आमच्या आत्याने चिंचवडच्या तिच्या बिल्डिंगमध्ये वर्षानुवर्षं भिशी चालवली आणि एकदाही बुडू दिली नाही. आमच्या घराण्यातली ही एकमेव आर्थिक कामगिरी. म्हणून मला जर्मनीतल्या एका सरकारी विद्यापीठात दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आणि व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधीच तिथल्या खात्यात अडकवून ठेवावी लागते असं कळलं, तेव्हा बाबा कर्जाची चौकशी करायला बँकेत न जाता थेट बहिणीकडे गेले. आत्या तेव्हा मेथी निवडत होती. तिने मान वर न करता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग भिशीच करू की."

योजना साधी होती. बाबा, काका आणि आत्या या तिघांनी मिळून रक्कम उभी करायची आणि माझ्या नावाने त्या खात्यात भरायची. त्याला श्पेरकोंटो म्हणतात. त्यातून सगळे पैसे एकदम काढता येत नाहीत, दर महिन्याला एक हप्ता सुटतो. तो सुटला की मी चिंचवडला परत पाठवायचा. वर्षभरात भिशी पुन्हा भरेल, त्याच पैशांवर आत्याची मुलगी येईल आणि तिच्यानंतर काकांचा मुलगा. नंबर वयाने लावले, म्हणून पहिला माझा.

"नुसते दाखवायचे तर आहेत," असं सगळेच म्हणाले. आमच्याकडे परदेशी जाणाऱ्याच्या खात्यात नातेवाइकांनी चार दिवस पैसे ठेवायचे आणि शिक्का बसला की काढून घ्यायचे, ही जुनी रीत. बाबांनीही काकांसाठी एकदा तसं केलं होतं. हे पैसे जर्मन सरकार मी तिथे बारा महिने दोन वेळा जेवावं म्हणून अडकवतंय, हे त्या बैठकीत कोणाच्याच डोक्यात आलं नाही, माझ्यासुद्धा. मी काय खाणार हा प्रश्न निघाला तेव्हा काका म्हणाले की तिकडची पोरं काम करून शिकतात, आणि शिक्षण तर फुकटच आहे. मग चहा झाला.

फुकट. या शब्दावर माझा अजून राग आहे. जर्मनीत शिक्षण फुकट आहे हे खरंच, पण मी ज्या राज्यात आले तिथे युरोपबाहेरच्या मुलांकडून दर सहामाहीला फी घेतात. शेजारच्या राज्यात घेत नाहीत. मला दोन्हीकडे अर्ज करायची अक्कल होती. पण फीवाल्या राज्याचं पत्र आधी आलं, त्यावर खातं उघडलं, व्हिसाची कागदपत्रं गेली, आणि सगळं पुढे सरकल्यावर शेजारच्या राज्यातल्या कायझर्सलाउटर्नचं बिनफीचं पत्र आलं. व्हिसाचं काम बघणारा एजंट म्हणाला, आता बदललंत तर हे वर्ष जाईल. मी बाबांना फीचं सांगितलं तर ते म्हणाले, "एवढं काय, पहिली मी भरतो. पुढे तू कमावशीलच." तोपर्यंत त्यांचे सोसायटीत, ऑफिसात आणि माझ्या जुन्या शाळेत, पोरीला जर्मनीत फुकट शिक्षण मिळालं म्हणून पेढे वाटून झाले होते. शाळेने मला शाल आणि नारळ दिला. नारळ आईने सोलकढीला वापरला.

झिंडेलफिंगेन गावात एका घरात आम्हा तिघींना मिळून एक खोली मिळाली, तीही पोटमाळ्यावरची, उतरत्या छपराची. पलंगावर एकदम उठून बसलं की डोकं आपटायचं. महिन्याच्या सुरुवातीला श्पेरकोंटोचा हप्ता माझ्या खात्यावर यायचा आणि त्याच दिवशी मी तो चिंचवडला रवाना करायचे. फोनवर ती रक्कम दिसायची तेवढा वेळ मी श्रीमंत असायचे. पहिल्यांदा पाठवताना अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. तिसऱ्या महिन्यात तीच रक्कम पाठवताना मी घरमालकाला भाडं उशिरा देते म्हणून माफी मागत होते.

काम मिळालं ते बेकरीत. पहाटे ट्रे भरायचे, मग काउंटरवर उभं राहायचं. विद्यार्थ्याच्या परवान्यावर किती दिवस काम करायचं याला मर्यादा असते, त्यामुळे मालकीणबाई द्यायला तयार असूनही जास्त तास घेता येत नव्हते. ती बाई चांगली होती. संध्याकाळी उरलेला पाव ती मला पिशवीत भरून द्यायची आणि वर म्हणायची, "घे, तरुण माणसाने खाल्लं पाहिजे." मी पावाची भाजी केली, पावाचा उपमा केला, पावाचा शिरासुद्धा केला. दुसऱ्या सहामाहीची फी त्या पगारातून कशीबशी भरली आणि त्या सहामाहीत माझे दोन विषय राहिले. वर्गात बसायचं तेव्हा मी काउंटरवर होते आणि अभ्यासाला बसले की झोपत होते.

तिसऱ्या सहामाहीला मात्र मेळ बसेना. रुकमेल्डुंग, म्हणजे पुढच्या सहामाहीसाठी नाव कायम करण्याची मुदत, जवळ येत होती. फी भरली नाही तर नाव कमी होणार, आणि नाव कमी झालं की राहण्याचा परवानाही जाणार. विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाईंनी पाणी दिलं आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. फीमाफी थोड्या जणांना मिळते, ती गुण बघून, आणि माझे तर दोन विषय राहिलेले. "आल्झो," त्या म्हणाल्या, म्हणजे 'असं आहे तर'. मग त्यांनी विचारलं, "पण तुमच्या श्पेरकोंटोतून दर महिन्याला पैसे येतात ना?" मी हो म्हटलं. पुढे काय सांगणार? ते पैसे माझे नाहीत, ते भिशीचे आहेत, हे वाक्य मला जर्मनमध्ये जुळवता आलं असतं, पण ते बाईंना कळलं नसतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते मला त्या खुर्चीत समजलं.

त्याच आठवड्यात मी कायझर्सलाउटर्नला कॉलेजच्या मैत्रिणीकडे गेले. मानहाइमच्या पुढे गाडी ऱ्हाइनच्या पुलावर चढते, आणि पूल संपला की दुसरं राज्य. काहीच बदलत नाही. तीच गाडी, तोच तिकीट तपासणारा, तेच ढगाळ आकाश, आणि फी नाही. मैत्रिणीने हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात कांदेपोहे केले आणि प्रोफेसर किती कंटाळवाणं शिकवतात याचं गाऱ्हाणं सांगत बसली. ती सगळ्या तासांना जात होती. मला तिचा इतका हेवा वाटला की पोहे गोड लागेनात. तिने काही वाईट केलं नव्हतं. तरी परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात तिच्याशीच भांडत होते.

बाबांना फोन केला. मी म्हटलं, "बाबा, दोन महिने हप्ता नाही पाठवला तर चालेल का? तेवढ्यात फी भागेल." ते म्हणाले, "मी आत्याला कसं सांगू? तिच्या पोरीने जर्मनचा क्लास लावलाय. पुढच्या वर्षीचा नंबर तिचा आहे." माझ्याकडे आहेत तेवढे देतो, असंही म्हणाले. तेवढे म्हणजे आईच्या घरखर्चाचे, ते मला माहीत होतं, आणि आई फोनच्या पलीकडेच उभी होती. मी नको म्हटलं.

त्या दिवसांत मी एक गोष्ट कोणाला न सांगता करत असे. बेकरीतून आले की फ्रँकफर्टहून पुण्याला जाणारी एकेरी तिकिटं बघायची. घ्यायची नाहीत, बघायची फक्त. सगळं सोडून घरी जावं, लोकांनी हसावं, चार महिने टोमणे खावेत आणि मग कुठेतरी नोकरी धरावी. ते चित्र डोळ्यांपुढे आणलं की छाती मोकळी व्हायची. माझ्या मनात पळून जाण्याची एक फट होती आणि तिच्यातून येणाऱ्या हवेवरच मी तग धरून होते.

शेवटी रविवारी दुपारी तिन्ही घरं व्हिडिओ कॉलवर बसली. बाबांनी खूप आडवळणं घेत विषय काढला. आत्या नमस्कार घ्यायला बसल्यासारखी सोफ्यावर ताठ बसली होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "अगं, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. भिशीत पहिला नंबर उचलला की हप्ता चुकवायचा नसतो. आज तू दोन महिने मागितलेस, उद्या काका मागेल. मग भिशी कसली उरली?"

"आत्या, मी जेवत कशावर असेन असं तुला वाटतं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"आम्हाला काय माहीत, बाळा? तू कधी बोललीसच नाहीस," ती म्हणाली. ती चिडली नव्हती, आणि तेच मला झोंबलं. काकांनी मध्येच जर्मनीत यंदा थंडी कशी आहे ते विचारलं. मागे आत्याची मुलगी दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत होती. ती कॅमेऱ्याजवळ आली आणि मला जर्मनमध्ये म्हणाली, "ताई, तू दमलेली दिसतेस." उच्चार स्वच्छ होते. माझ्याहून चांगली जर्मन शिकत होती ती. मी मराठीत म्हटलं, "नाही गं, लाइटमुळे तसं दिसतंय." कॉल संपला तेव्हा काहीच ठरलं नव्हतं.

मुदत संपायला आठवडाही उरला नव्हता तेव्हा बेकरीत मधल्या सुट्टीत आत्याचा फोन आला. ती एकटीच होती. नेहमीसारखी जेवलीस का वगैरे काही न विचारता थेट बोलू लागली.

"आता हप्ता पाठवू नकोस. उरलेल्या महिन्यांचे पैसे तूच ठेव, फी भर, नीट खा. तुझ्या बाबांशी आणि काकाशी बोलले मी."

"आणि तिचा नंबर?"

"तिने स्वतःच सोडला. हिंजवडीत नोकरी बघितली तिने, पुढच्या महिन्यात रुजू होईल. मला म्हणाली, तिथे एक तरी नीट शिकू दे, अर्धवट दोघी कशाला? क्लास पण बंद केला."

नको म्हणायचं होतं, आणि तोंडातून आभाराचे शब्द येत होते. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण भट्टीच्या दाराशी उभी असूनही मला थंडी वाजत होती, कारण आत्या पुढे काय म्हणणार ते मला आधीच ऐकू येत होतं.

"फक्त एक कर," ती म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला होता, माझ्या लहानपणी ताप आला की व्हायचा तसा. "आता मध्येच सोडून परत येऊ नकोस हं."

"नाही येणार," मी म्हटलं.

फी मी त्याच दुपारी भरली. सहामाही माझी झाली, परवाना राहिला, पोट भरायला लागलं. मावसबहीण नाही, चुलतबहीण नाही, आतेबहीण ती, वर्षातून एकदा दिवाळीला भेटणारी, आणि तिच्या वाटची दोन वर्षं आता मी जगणार होते. तिकिटं बघण्यासाठी संध्याकाळी फोन हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. आता ती बघण्यात काही अर्थ नव्हता. घरी जाण्याची सोय ही त्या सगळ्या काळात माझी स्वतःची एकच चीज होती, आणि ती मी आत्याला दोन शब्दांत देऊन बसले होते.