बाई, मला लाज वाटते

“बाई, मला लाज वाटते.”

एवढं म्हणून तो दारातच उभा राहायचा. हात पाठीमागे, मान जराशी तिरकी आणि कान जास्वंदीसारखे लाल. उशीर झाला तर लाज वाटायची, वेळेआधी आला तर लाज वाटायची. माझ्या आईनं वाढलेल्या बांगड्याचा काटा घशात अडकला, आम्ही सगळे घाबरलो, भाताचा गोळा गिळून काटा खाली उतरला. डोळे पुसत पहिलं वाक्य हेच.

झालं होतं असं, की बोटीवर कुणीतरी त्याला माफी मागण्यासाठी हे वाक्य शिकवलं होतं. मी त्याला ‘माफ करा’ शिकवलं, ‘चुकलं माझं’ शिकवलं. त्यानं दोन्ही वहीत न लिहिता पाठ केली. मग म्हणाला, “पण बाई, मला लाज खरंच वाटते.”

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. गिरगावात तुमचं जाणंयेणं असेल तर त्या दोघांना तुम्हीही पाहिलं असेल. अंगात पांढरे शर्ट, गळ्यात काळे टाय, पायात जाड बूट, काखेत धर्मपुस्तक. ठाकुरद्वारच्या उन्हात घामानं निथळत, दारोदार जाऊन नम्रपणे नकार ऐकत हिंडणारे दोन अमेरिकन. त्यांचा पंथ तिकडच्या डोंगरांतला. त्यात तरुण मुलांनी दोनेक वर्षं परमुलखात जाऊन धर्म सांगायचा, तोही जोडीनं. एकट्यानं कुठे जायचं नाही, हा कडक नियम. माझगावात एका जुन्या देवळाजवळ, म्हणजे चर्चजवळ, त्यांनी वरचा मजला भाड्यानं घेतला होता. त्यांतला जोडीदार वयानं मोठा, पक्का, घड्याळाकडे बघणारा. धाकटा हा. विशीसुद्धा उलटली नव्हती.

मी गिरगावातल्या मुलींच्या शाळेत शिक्षिका होते. संध्याकाळी आमच्या घरी येऊन तो मराठी शिकायचा. जोडीदार बाहेर पडवीत बसून पुस्तक वाचायचा. आई आतून दोघांकडे बघत राहायची आणि मला विचारायची, “ह्याला आई नाही का गं? एवढंसं पोर सातासमुद्रापलीकडे कसं धाडलं?”

मी त्याला तेच विचारलं. तो म्हणाला, “आई आहे. माझा आई फार खूश आहे.”

“माझी आई.”

“माझी आई,” तो म्हणाला, आणि लगेच, “बाई, मला लाज वाटते.”

पुस्तकातली मराठी त्याला लवकर आली, पण गिरणगावात त्याचं कुणी ऐकेना. तो ‘आपण कृपया बसावे’ म्हणायचा आणि माणसं हसून उठून जायची. म्हणून मी त्याला आमच्या शाळेतल्या शेवंताकडे पाठवलं. शेवंता शाळेत शिपाईण. घंटा द्यायची, पाणी भरायचं, मुलींना दटावायचं, सगळं अस्सल मालवणीत. तिचा नवरा भिकाजी गिरणीत रातपाळीला. डिलाईल रोडवरच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर त्यांची खोली. मूलबाळ नव्हतं.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. शेवंतानं चहा पुढे केला आणि त्यानं हात जोडले. त्यांच्यात चहा-कॉफी वर्ज्य. पण हे शेवंताला कुणी सांगावं? तिचा चेहरा उतरला.

“आमच्या हातचा चलना नाय तुका?”

त्याला शब्द कळले नाहीत, अर्थ मात्र कळला. तो एवढा कासावीस झाला की कप उचलून तोंडाला लावणार, तेवढ्यात जोडीदारानं त्याचं मनगट धरलं. मग धाकट्यानं खाणाखुणा करून देव, पोट, नियम असं काहीबाही समजावलं. भिकाजी कॉटवर पडल्या पडल्या हसत सुटला. “अगो, तेचो उपास आसा!” म्हणाला. शेवंतानं कोकमाचं आगळ पाण्यात घालून दिलं. ते त्यानं एका दमात संपवलं आणि पेला पुन्हा पुढे केला. त्या दिवसापासून तो त्यांचा ‘झिल’ झाला. झिल म्हणजे मुलगा. धर्म त्यांनी त्याच्याकडून घेतला नाही. येशूची गोष्ट मात्र भिकाजी मन लावून ऐकायचा आणि म्हणायचा, “आमच्या गावच्या रवळनाथाचा पण असाच आसा.”

मग ते दिवस आले. गिरण्या बंद, रस्त्यात दगडांचा खच, कुठे अश्रुधूर, कुठे गोळी. त्यांच्या वरिष्ठांनी बाहेर पडू नका म्हणून बजावलं होतं. पण दोन दिवस शांततेचे गेले, तेव्हा हे दोघे डिलाईल रोडला गेले. परत निघाले आणि चाळीतून खाली उतरून रस्त्यावर येतात तोच वरच्या अंगानं पोलिसांची लॉरी आली, गल्लीतून दगड सुटले. जोडीदार पळाला. हा रस्त्याच्या मधोमध खिळून उभा राहिला.

पुढचं त्यानंच मला सांगितलं, कर्फ्यू उठल्यावर. त्या दिवशी तो एकटाच आला होता. आत ये म्हटलं तरी येईना.

“भिकाजीकाका वरून धावत आले,” तो म्हणाला. “मला ओढलं. जिन्यात ढकललं. मग आवाज झाला. काका पायरीवर पडले. मांडीतून रक्त. माझ्याकडे बघत होते, बाई.”

“मग?”

“मी पळालो. वर. तिसऱ्या मजल्यावर संडास आहे. त्यात गेलो. कडी लावली. खाली शेवंताकाकी ओरडत होत्या. मला ऐकू येत होतं. सगळं शांत झालं तेव्हा कडी काढली.”

या वेळी लाज वाटते असं तो म्हणाला नाही. त्याचे कानसुद्धा लाल नव्हते. चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता.

भिकाजी वाचला. पाय मात्र गुडघ्यातून वाकेना. साच्यापुढे, म्हणजे मागापुढे, उभं राहणं संपलं. हॉस्पिटलातून तो कुबडी घेऊन घरी आला, तोवर चाळीत त्याची गोष्ट तयार झाली होती. भिकाजी लॉरीच्या आडवा गेला. भिकाजीनं छाती काढून ‘मार गोळी’ म्हटलं. जोडीदार पळालेला कुणीकुणी पाहिला होता; धाकट्याला मात्र जिन्यात कुणी पाहिलंच नव्हतं. आणि भिकाजीनंही काही सांगितलं नाही. माणसं कॉटपाशी येऊन त्याच्या पाया पडायची, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घ्यायचा. शेवंतालाही त्यानं खरं सांगितलं नव्हतं.

त्या चाळीत वरच्या मजल्यांना पाणी चढत नसे. आधी रातपाळीहून आला की भिकाजी खालच्या नळावरून पाणी भरायचा. आता शेवंता दोन फेऱ्या करून धापा टाकत शाळेत यायची. हे धाकट्याला कळलं आणि एका पहाटे तो नळावर जाऊन उभा राहिला. टाय खिशात कोंबलेला, खांद्यावर हंडा. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एकीनं, “गोऱ्या, आमचाही भर की!” म्हणून हाक मारली, तर त्यानं तिचाही भरला. आठवडाभरात हसू संपलं. रोज पहाटे माझगावहून चालत यायचा, एकटा. जोडीदार आता इकडे फिरकायला तयार नव्हता, आणि एकट्यानं येणं म्हणजे नियम मोडणं. त्याला समज मिळाली. तरी तो आला.

चाळीनं भिकाजीचा सत्कार ठरवला, तेव्हा तो माझ्याकडे आला. “बाई, मी खरं सांगू का?”

“भिकाजीला विचार,” मी म्हटलं.

त्यानं विचारलं. भिकाजी म्हणाला, “गप रव.”

सत्काराला शेवंतानं मला आग्रहानं बोलावलं होतं. ती ठेवणीतलं लुगडं नेसली होती. चाळीच्या चौकात पताका, टेबल, त्यावर हार. हा मागे, नळाजवळ उभा होता. वक्ता चाळीतलाच, आवाज खणखणीत. त्यानं लॉरी उभी केली, पोलीस उभे केले, भिकाजीच्या तोंडी दोन आवेशाची वाक्यं घातली. टाळ्यांनी चौक दणाणला. मग तो म्हणाला, आता चाळीतली मुलं एकेक करून या वीराच्या पायाला हात लावतील. पहिली एक परकरी पोर पुढे आली आणि त्या न वाकणाऱ्या पायापाशी वाकली. भिकाजीनं पाय मागे घ्यायचा प्रयत्न केला. तो त्याला घेता येईना.

“थांबा!”

सगळ्यांनी वळून पाहिलं. हा माणसांमधून वाट काढत पुढे आला होता.

“हे खरं नाही,” तो म्हणाला. “काका पोलिसांकडे गेले नाहीत. काका माझ्यासाठी आले. मी रस्त्यावर होतो. मला गोळी लागणार होती, त्यांना लागली. मी पळालो. मी संडासात लपलो.”

त्या शब्दाला कुणीतरी खुदकन हसलं. मग हसणारा एकटाच पडला. मागून आवाज आला, “म्हणजे पाय गोऱ्यासाठी घालवला?” कुणी म्हणालं, पोरगं खोटं बोलतंय, हाकला त्याला. दोघेतिघे पुढे सरसावलेसुद्धा.

भिकाजी कुबडीवर रेलून उठला. “हात लावू नकात. खरा सांगता तो. पोर भियान उभो रवलेलो. मी तेका खेचूक गेलंय. दुसरा काय नाय.”

कुणी ओरडलं नाही, दगड मारला नाही. माणसं फक्त निघून गेली. कुणी चपला शोधत, कुणी पोराला हाताला धरून, एकमेकांकडे न बघता. वक्त्यानं टेबलावरचा राहिलेला हार उचलला, पुन्हा ठेवला आणि तोही गेला. ती परकरी पोर तेवढी, आपण नमस्कार पुरा करायचा की नाही अशी, उभी होती.

शेवंतानं पदरानं तोंड पुसलं. त्याच्यासमोर जाऊन हलक्या आवाजात म्हणाली, “तू तुझी लाज धुलंस. आता आमची खय धुवची?”



दुसऱ्या पहाटे तो नळावर आला. शेवंतानं हंडा दिला नाही, स्वतः उचलून नेला. तो जिन्यात बाजूला सरून उभा राहिला. तिसऱ्या दिवशीही तेच. शेवंता शाळेत येऊन मला सांगायची, “आजपण इलो होतो तो,” आणि घंटेवर नेहमीपेक्षा जोरानं टोले घालायची. चाळीत त्यांच्याशी कुणी भांडत नव्हतं, पण बोलतही नव्हतं. मोर्च्याच्या लॉरीत पुढे भिकाजीला बसवायचं ठरलं होतं, ते आपोआप राहिलं. मला वाटतं, लोकांना राग नव्हता. ज्याच्या पायावर डोकं ठेवलं त्याच्या तोंडाकडे बघायची त्यांना लाज वाटत होती.

शेवटी भिकाजीनंच त्याला वर बोलावलं. कॉटवर बसवलं. मी त्या दिवशी शेवंताबरोबर तिथे गेले होते.

“झिला, तू खरा बोललंस. तो हार माका टोचत होतो. पण खरा जेचा आसा, तेका इचारून बोलूचा.”

“मी विचारलं होतं,” तो पुटपुटला.

“आणि मी काय सांगितलंय?”

“गप राहा.”

“मगे?”

तो रडायला लागला, लहान मुलासारखा, नाक ओढत. शेवंता बराच वेळ पाठमोरी उभी होती. मग तिनं पेल्यात आगळ ओतलं, पाणी घातलं आणि त्याच्या हातात न देता शेजारी ठेवलं. रिकामा हंडाही दाराशी आणून ठेवला.

पण त्याचे दिवस भरत आले होते. एकट्यानं हिंडणं, चाळीतला तो सगळा प्रकार, हे वरिष्ठांच्या कानावर गेलं होतं. त्याला मुदतीआधी घरी पाठवायचं ठरलं. शेवटच्या संध्याकाळी तो आमच्याकडे आला. त्याच्या गावात असं परत येणाऱ्या मुलाकडे लोक कसं बघतात, ते त्यानं सांगितलं. प्रार्थनेला त्याची आई आता मागच्या बाकावर बसेल.

“माझा आई लोकांना काय सांगेल, बाई?”

“माझी आई,” माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

“माझी आई,” तो म्हणाला. “माझी आई.” माझी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

बोटीच्या दिवशी आम्ही तिघं बॅलार्ड पिअरला गेलो. शेवंतानं शाळेतून अर्धी रजा घेतली होती. भिकाजी कुबडीवर, हमालांचे धक्के खात, कठड्यापर्यंत पोचला. बोट सुटायला आली तेव्हा तो वर डेकवर दिसला. सगळे प्रवासी हात हलवत होते. हा टाय बांधून, कठड्याला धरून, खाली बुटांकडे बघत उभा होता.

भिकाजीनं दोन्ही हातांचा कर्णा केला, कुबडी खाली पडली, आणि गिरणीच्या खात्यात साच्यांच्या आवाजावर ओरडतात तसा तो ओरडला, “झिला! मान वर कर मरे!”

ऐकू गेलं की नाही, सांगता येत नाही. भोंगा वाजत होता. पण त्यानं मान वर केली. इतकी वर, की आम्ही काही त्याला दिसलो नसणार.