फेर मोडायचा न्हाई

मी सुलाबाई. तोंडाची लय फटकळ हाय, पोखर्णीत कुणालाबी इचारा. पण त्या नागपंचमीला माझ्याच तोंडचं पाणी पळालं होतं. शेजारची बायनाबाई फेरात पुढं उभी, अन् तिचा लेक परमेश्वर पारापाशी, हातात नवंकोरं कुलूप. फेर झाला की आईला परभणीला, तो अन् त्याची बायको राजेश्री राहतात त्या फ्लॅटवर न्यायचं अन् इथलं घर बंद करायचं, असं त्यानं ठरवलेलं. ह्या घराबाहेर तिची एक रात गेली नव्हती.

बायनाबाईचं इसरणं मागच्या साली सुरू झालं. भाजीत दोनदा मीठ, गॅस तसाच चालू. परमेश्वरानं परभणीला डॉक्टरीणबाईला दाखवलं, संगं मीबी होते. त्या म्हणल्या, "चालण्यानं मेंदूला रक्त नीट मिळतं. थोडं वजन उचललं तर अंगात ताकद राहते. पण ज्यात पाय अन् डोकं दोन्ही एकदम लागतं, असं काही येतं का आजींना?"

"फेर धरती की!" मी म्हणले. "पंचमीची गाणी हिच्याएवढी कुणाला येत न्हाईत."

"मग रोज धरा. अन् एकटीला सोडू नका."

परमेश्वरानं ऐकलं काय, तर निस्तं चालणं! परभणीहून रोज फोन, "आई, चालून आलीस का?" अन् ही बिचारी एकटीच निघायची. आधीच इसरभोळी, त्यात एकटी! एक दिवस दुपार टळली तरी पत्ता न्हाई. आमी इहिरी धुंडाळल्या. शेवटी पिंगळीच्या वाटेला बाभळीखाली बसलेली घावली. "माझं गाव कोणतं गं?" म्हणायली. त्याच हप्त्यात परमेश्वरानं कुलूप आणलं.

मी त्याला फाडफाड बोलले. "अरे मेल्या, सांगितलं काय अन् केलंस काय! पंचमीपर्यंत तिला हितनं हलवू नको."

मग रोज सांजच्याला आमच्या अंगणात आमी दोघी. दोन पावलं पुढं, एक मागं, गिरकी, टाळी, अन् तोंडानं गाणं. टाळीकडं ध्यान दिलं की पाय चुकायचा, पाय धरला की गाणं जायचं. रडायची. "सुले, मला न्हाई जमत गं." मी म्हणायचे, "रड की, पण पाय थांबवू नको." हळूहळू गाणी परत यायलागली. गॅसबी कधीमधी आठवणीनं बंद करायची. मला लय आशा लागली.

फेराचा कायदा एकच. पुढचीनं म्हणायचं, बाकीच्यांनी तसंच्या तसं झेलायचं, अन् फेर मोडायचा न्हाई. पंचमीला तिनं पहिली गाणी झकास म्हणली. पुढच्याला मात्र एका ओळीपाशी थांबली. ओठ हलायलेत, शब्द न्हाई. निस्ती पावलं वाजायली. परमेश्वरानं मान खाली घातली. मी मनातल्या मनात गावच्या नरसिंहाला हात जोडले.

पण तिचे पाय थांबले न्हाईत. गिरकी घेताना तिची नजर पारापाशी गेली, अन् तिनं खणखणीत सूर लावला:

"दारात गं पाव्हणा, उभा राहिला कवाचा,
हातामंदी गं कुलूप, काय इरादा मनाचा?"

आगं बया! हे गाणं कुणाच्या बापानं ऐकलेलं नव्हतं. उभ्या उभ्या जुळवलेलं! साऱ्या बायांनी ते झेललं, हसत हसत, परमेश्वराकडं बघून. लेकाला काय टोला हाणला, म्हणून मीबी टाळ्या पिटल्या. परमेश्वर लाजून हसला. कुलूप पिशवीत टाकलं.

फेर सुटला. बायनाबाई घामाघूम, तोंडावर नवरीसारखं तेज. माझ्या कानाशी लागून म्हणली, "सुले, पाव्हणा उपाशी दिसतो. कोणाचा हाय गं?"

हळू बोलली होती, पण परमेश्वर जवळच उभा होता. त्यानं ऐकलं. त्याचे डोळे भरून आले, तरी आवाज धड ठेवला.

"इथलाच हाय, बाई. भूक लागलीय."

तिनं त्याला घरात नेलं, पुरणाची दिंडं वाढली, वर तूप सोडलं. मग पिशवीकडं बोट करून इचारलं, "अन् ते कुलूप कशाला रे, लेकरा?"

"परभणीच्या फ्लॅटला लावायचंय," तो म्हणला. "राजेश्रीला घेऊन इकडंच राहायला येतो."