पाण्यावर जाताना

अभयारण्यातल्या तळ्याची वाट इतकी सोपी, की घोषणांशिवाय दुसरा व्यायाम नसलेल्या मलाही धाप लागली नाही. वाट दाखवायला तुळसामावशी पुढे होत्या. तळं दिसायच्या आधीच्या वळणावर त्या थांबल्या आणि मोठ्यानं खाकरल्या. दोनदा.

"मावशी, खोकला झालाय?"

"नाही गं. पाण्यावर कुणी असलं तर? न सांगता कसं शिरायचं?"

आणि होतीच. सांबराची मादी पिल्लाला घेऊन, न धावता, झाडीत गेली. मग आम्ही उतरलो. समोर धबधब्याची एक बारीक धार पडत होती.

माझ्या पिशवीत मीच लिहिलेली पत्रकं होती: 'जंगल आपलं आहे!' आपलं म्हणे! ज्यांचं होतं, ते आत्ताच आम्हाला जागा करून देऊन गेले होते.

मावशींचा पाडा तळ्यापलीकडे आहे. तिथं पर्यटकांचे तंबू उभे राहणार, म्हणून घरं खाली करायची नोटीस आली आहे.

"मी भाकरी थापत होते. नोटीस द्यायला आलेले साहेब बुटांसकट चुलीपर्यंत आले."

"दारात खाकरले तरी का?"

मावशी हसल्या. "त्यांना कोण शिकवणार?"

जनावराला पाणी पिऊन निघायला वेळ देणारी ही बाई. तिला तेवढाही वेळ कुणी दिला नाही. या नोटिशीविरुद्ध मी लिहिणार आहे, पण 'आपलं' हा शब्द खोडून.

तळ्यावरून निघताना मावशींनी चहाला बोलावलं आणि पाड्यावर पोचल्यावर त्या पुढे घरात गेल्या. दार सताड उघडं होतं. मी अंगणात थांबले आणि खाकरले.

"ये गं," आतून आवाज आला.